शेजारच्या आजींची शाल घ्यावी का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका मूळच्या साताऱ्याच्या, पेशानं नर्स. दोनेक वर्षांपासून त्या नवरा आणि सहा वर्षांच्या लेकीसह वेल्समध्ये, कार्मार्थनशायरमधल्या एका लहान गावात राहतात आणि तिथल्या केअर होममध्ये काम करतात. लेक वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. १ मार्चला वेल्सचा राष्ट्रीय दिवस, म्हणजे सेंट डेविड्स डे असतो. शाळेतून चिठ्ठी आली आहे की मुलांनी वेल्श पोशाखात यावं. लेकीला वर्गाबरोबर एक छोटी वेल्श कविताही म्हणायची आहे. शेजारच्या आजींनी आपल्या मुलीची जुनी लोकरी शाल आणि उंच काळी टोपी आपणहून आणून दिली. केअर होमच्या मॅनेजरबाईंनी त्या दिवसाच्या कार्यक्रमात मदत मागितली आहे. इकडे सासूबाई फोनवर म्हणतात, "तो ख्रिस्ती संतांचा दिवस, आपला काय संबंध?" नवऱ्याचं म्हणणं, दोन-तीन वर्षांत इथून जायचंच आहे, कशाला एवढं मनावर घ्यायचं. एक भारतीय मैत्रीण म्हणाली की आपल्या मुलींनी ते कपडे घातले की फॅन्सी ड्रेस वाटतो. पत्रलेखिका विचारतात: "मला वेल्श येत नाही, इथला इतिहास माहीत नाही. मी हा दिवस साजरा करणं खोटं नाही का? लेकीची मराठी आधीच मागे पडतेय, त्यात हे. पण काहीच केलं नाही तर ती वर्गात एकटी पडेल. शिवाय शाळेचा कार्यक्रम नेमका माझ्या ड्यूटीच्या वेळेत आहे."

नमस्कार,

शाल घ्या. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीच्या प्रश्नांचा विचार करायला वेळ आहे, पण आजी उत्तराची वाट बघत असतील. त्यांनी स्वतःच्या मुलीची वस्तू कपाटातून काढून तुमच्या दारात आणली. तुमच्या लेकीनं ती घालावी की नाही, याचा निर्णय त्यांच्यापुरता त्यांनी घेतलेला आहे. तुम्ही फक्त 'हो, थँक्यू' म्हणायचं आहे, आणि जमलं तर वेल्शमध्ये, 'दियोल्ख'.

आता तुमच्या मनातल्या गुंत्याकडे येते. पत्र वाचताना वाटलं की तुम्ही एक रेघ आखून घेतली आहे. रेघेच्या आत खरे वेल्श लोक, ज्यांना भाषा येते, इतिहास पाठ आहे आणि पोशाख पणजीपासून चालत आलाय. रेघेबाहेर तुम्ही. पण ही रेघ खुद्द तिथल्या माणसांनासुद्धा नीट सापडत नाही. २०२१च्या जनगणनेत वेल्समधल्या सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं सांगितलं. हे प्रमाण १७.८ टक्के, म्हणजे शंभरातल्या बयाऐंशी जणांना ती येत नाही. तुमचा कार्मार्थनशायर हा तर भाषेचा बालेकिल्ला समजला जातो. तिथंही प्रमाण ४० टक्क्यांच्या जरा खालीच आहे आणि आधीच्या दहा वर्षांत ते चार टक्क्यांनी घसरलंय. शाळेच्या फाटकाशी तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या आयांपैकी कित्येकींना आपल्या मुलांची कविता कळणार नाही. त्यांच्या आज्या वेल्श बोलत असतील, आयांनी सोडली असेल, आणि आता त्या मुलांना त्या शाळेत घालून सुटलेला धागा पुन्हा हातात घेताहेत. आपण पुरेशा वेल्श नाही ही बोच त्यांनाही असते, आणि ती तुमच्यापेक्षा जास्त खोल असते. म्हणून एक विनंती: 'तुम्ही वेल्श असून तुम्हाला वेल्श येत नाही?' असं कुणालाही, सहज म्हणूनसुद्धा, विचारू नका.

तुमच्या मैत्रिणीचं फॅन्सी ड्रेसबद्दलचं म्हणणं घ्या. तो पोशाख म्हणजे लाल किंवा चौकटीची शाल, एप्रन आणि उंच काळी टोपी. एकेकाळी खेड्यातल्या बायकांचे रोजचे कपडे साधारण असेच असत. त्याला 'राष्ट्रीय पोशाख' हा मान मात्र एकोणिसाव्या शतकात मिळाला, आणि तो मिळवून देण्यात मोठा वाटा होता ऑगस्टा हॉल, म्हणजेच लेडी लॅनओव्हर यांचा. १८३४ साली कार्डिफला भरलेल्या आयस्टेथवॉडमध्ये, म्हणजे काव्य-संगीताच्या स्पर्धामेळ्यात, वेल्श भाषा आणि पोशाख जपण्याबद्दलच्या त्यांच्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं. या बाई इंग्रज घराण्यातल्या. वेल्श भाषा त्यांनी शिकून घेतली आणि आयुष्यभर तिच्यासाठी झटल्या. तेव्हा ज्या कपड्यांना 'आपले नव्हेत' म्हणून तुम्ही बिचकताय, ते टिकवणाऱ्यांत एक बाई अशी होती जिचं कूळ बाहेरचं होतं.

या दिवसाचा थाटही बराचसा घरापासून लांब राहणाऱ्यांनी वाढवलेला आहे. १७१५ साली लंडनमधल्या वेल्श मंडळींनी 'एन्शंट ब्रिटन्स' नावाची संस्था काढली. १ मार्चला जमायचं, प्रवचन ऐकायचं, जेवायचं आणि लंडनमधल्या गरीब वेल्श मुलांच्या शाळेसाठी पैसे उभे करायचे, असा तिचा शिरस्ता होता. परमुलखात गेलं की सणाची ओढ जास्त लागते, हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, ते काही उगाच नाही.

सासूबाईंच्या शंकेला उडवून लावू नका. त्या दुष्टपणानं बोलत नाहीत. नात आपल्यापासून लांब चाललीय ही भीती त्यामागे आहे. त्यांना संत डेविडची गोष्ट सांगा. वेल्शमध्ये त्याला 'डेवी' म्हणतात. हा सहाव्या शतकातला. परंपरेनुसार त्याचं निधन १ मार्च ५८९चं, म्हणून ही तारीख. पेम्ब्रुकशायरच्या टोकाला, आज ज्या गावाला सेंट डेविड्स म्हणतात तिथं त्याचा मठ होता. जेमतेम दोन हजारांच्या आत लोकवस्ती असलेलं हे ब्रिटनमधलं सगळ्यात लहान 'शहर' तुमच्यापासून फार लांब नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस रिगिवार्ख नावाच्या धर्मपंडितानं त्याचं चरित्र लिहिलं. त्यातलं वर्णन असं की मठातले साधू बैल न जुंपता स्वतः नांगर ओढत. खाणं म्हणजे भाकरी, मीठ आणि पाला, पिणं फक्त पाणी. ल्लानडेवी ब्रेवी या गावी तो मोठ्या जमावापुढे बोलायला उभा राहिला, तेव्हा सगळ्यांना दिसावा म्हणून त्याच्या पायाखालची जमीन उंचावली आणि एक पांढरं कबुतर त्याच्या खांद्यावर येऊन बसलं, अशी आख्यायिका आहे. त्याच्या शेवटच्या उपदेशातलं म्हणून एक वाक्य आजही वेल्समध्ये घरोघर ठाऊक आहे: आनंदात राहा, आणि मला करताना पाहिलेल्या लहानलहान गोष्टी करत राहा. वारकऱ्यांच्या घरातल्या बाईला हे परकं वाटेल असं मला तरी वाटत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला मुंबईतली हिंदू कुटुंबं पिढ्यान् पिढ्या मेणबत्त्या घेऊन जातच आली आहेत, हेही त्यांना आठवेल.

आणि खरं सांगायचं तर आज हा दिवस प्रामुख्यानं धार्मिक उरलेला नाही. २०२१च्या त्याच जनगणनेत वेल्समधल्या ४६.५ टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं नोंदवलं, तेही १ मार्चला कपड्यांवर डॅफोडिलचं फूल लावून फिरतात. शाळेत प्रार्थनेचा भाग असेल आणि तो तुम्हाला नको असेल तर वर्गशिक्षिकेला आधी सांगता येतं. कुणी वाईट वाटून घेत नाही.

तुम्ही साजरा केल्यानं कुणी दुखावेल का, हा तुमच्या पत्रामागचा खरा प्रश्न आहे. तुम्हाला तो पडला हे मला आवडलं. वेल्श माणसाला काय लागतं ते समजायला इतिहासाचा एवढा तुकडा पुरे. एकोणिसाव्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं कुणी बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी बसे. १८४७ साली लंडनहून पाठवलेल्या तीन अधिकाऱ्यांनी वेल्समधल्या शिक्षणावर अहवाल दिला. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं, पण भाषा मागासलेपणाचं मूळ आहे आणि लोक नीतिभ्रष्ट आहेत असं त्यांनी लिहून टाकलं. विसाव्या शतकात लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून ट्रिवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव १९६५ साली धरणाखाली गेलं. वेल्सच्या जवळपास सगळ्या खासदारांचा विरोध असताना ते झालं. त्यामुळे तिथं जखम आहे ती हिणवलं जाण्याची, गणतीत न धरलं जाण्याची. बाहेरून आलेली बाई लेकीला शाल गुंडाळून शाळेत आणते आणि तिची कविता पाठ करून घेते, यात हिणवणं कुठं आलं? लागतं ते वेगळंच. 'ही भाषा शिकून उपयोग काय' हे लागतं. वेल्श माणसांना मेंढ्यांवरून चिडवणारे विनोद लागतात. आणि आपण मराठी लोक सर्रास करतो ते म्हणजे 'आम्ही इंग्लंडला राहतो' असं सांगणं. तुम्ही वेल्समध्ये राहता. घरी फोनवर, फेसबुकवर, लेकीसमोर तसंच म्हणा. १ मार्चची सगळ्यात सोपी तयारी ही, आणि ती आजपासून करता येते.

आता केअर होम. तुम्ही पत्रात त्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात. माझ्या मते तुमच्यासाठी या दिवसाचं खरं ठिकाण तेच आहे.

तिथल्या आजी-आजोबांचं वय लक्षात घ्या. कार्मार्थनशायरच्या खेड्यांत वाढलेल्या त्या पिढीतल्या कित्येकांनी इंग्रजी भाषा शाळेत गेल्यावरच शिकली. तुम्ही नर्स आहात, स्मृतिभ्रंशात काय होतं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. पुष्कळांच्या बाबतीत नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईची भाषा मागे राहते. जेवायला नाही म्हणणारी, अंघोळीला घाबरणारी एखादी आजी आपल्या भाषेतला एक शब्द ऐकून निवळते, हे अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातलं आहे. वेल्स सरकारनं २०१२ साली आरोग्य आणि देखभाल सेवांसाठी जे भाषाधोरण आणलं, त्याचा गाभाच हा आहे की वेल्शमधून सेवा मागायची वेळ रुग्णावर येऊ नये, ती आपणहून पुढे केली जावी. तेव्हा तुम्ही शिकलेले दहा शब्द ही शोभेची गोष्ट नाही, तो तुमच्या कामाचा भाग आहे. 'बोरे डा' म्हणजे सुप्रभात. 'शुमाय' म्हणजे कसं काय (उत्तरेत गेलात तर 'सुमाय' ऐकाल). 'पानेड?' म्हणजे चहा घेणार? 'नोस डा' म्हणजे शुभरात्री. हे रोज वापरा, फक्त १ मार्चला नको.

मॅनेजरबाईंना सुचवा की कार्यक्रमात भाषण-बिषण नको, गाणं असू द्या. ती पिढी चॅपेलमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनामंदिरात, वाढलेली. 'कमान्वा गानी' म्हणून गावोगावच्या चॅपेलांत सामुदायिक स्तोत्रगायनाचे मेळे भरत आणि अजूनही भरतात. सगळा समाज चार वेगवेगळ्या सुरांच्या पट्ट्यांत एकत्र गातो. बोलणं गेलेल्या माणसाला गाणं आठवतं. गावातल्या चॅपेलमधून किंवा गायकवृंदातून दोन-चार जण यायला सहज तयार होतील, विचारायचा अवकाश. तुमच्या लेकीच्या शाळेलाही विचारा. मुलं तीच कविता दुपारी येऊन तिथं म्हणू शकतील. राष्ट्रगीत सुरू झालं की उभ्या राहा आणि सुरात सूर मिसळा, शब्द आले नाहीत तरी चालेल. १८५६ साली पाँटिप्रिडच्या एका बापलेकानं ते रचलं. शब्द वडिलांचे, चाल मुलाची. पुढच्या वर्षीपर्यंत पहिलं कडवं तुम्हाला येईल.

एक गोष्ट मात्र करू नका. उत्साहाच्या भरात त्या दिवशी लेझीम, लावणी, 'आमच्याकडचं थोडं' असं काही घालू नका. कुणी आग्रह केलाच तर निराळी गोष्ट. हा एक दिवस ऐकायचा ठेवा. एखाद्या आजोबांजवळ बसून विचारा की लहानपणी १ मार्चला शाळेत काय असायचं. पोरं कोटाला कच्ची लीक लावून जायची आणि पैजा लावून ती चावून खायची, असल्या आठवणी हमखास निघतात. (लीक म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याच्या कुळातली जाड दांड्याची भाजी, वेल्सचं जुनं चिन्ह.) तुमच्या लेकीची कविता त्यांना वाचून दाखवा आणि उच्चार सुधारून घ्या. ज्यांना दिवसभर सगळे मदतच करत असतात, त्यांना कुणाला तरी शिकवायला मिळणं ही फार मोठी गोष्ट असते.

कवितेबद्दल तुम्ही धास्तावलेल्या दिसताय. वेल्शचा मोठा दिलासा असा की ती बहुतांशी लिहिल्यासारखी वाचली जाते, त्यामुळे देवनागरीत उतरवून घेणं जमतं. रोमन लिपीतला डब्ल्यू बहुतेक ठिकाणी 'उ' किंवा 'ऊ' होतो. सी कायम 'क'. एकटा एफ 'व्ह', दोन एफ मिळून 'फ'. दोन डी मिळून इंग्रजी 'दॅट'मधला 'द'. सी-एच आला की घशातून घासून 'ख'. अवघड एकच, जोडीनं येणारे दोन एल: जीभ 'ल'च्या जागी टेकवा आणि आवाज न काढता बाजूंनी हवा सोडा. जोर बहुधा शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. 'र' तर आपण मराठी लोक जन्मजात नीट म्हणतो. शुभेच्छा अशा द्यायच्या: 'डीद गुइल डेवी हापिस'. शिक्षिकेला कविता आवाजात रेकॉर्ड करून मागा, वेल्श माध्यमाच्या शाळांना वेल्श न येणाऱ्या पालकांची सवय असते. तुमच्या स्वतःसाठी, डिस्गी कम्राइग या राष्ट्रीय वेल्श-शिक्षण केंद्राचे आरोग्य आणि देखभाल क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. शिकत असलेल्यांसाठी नारिंगी बोलफुग्याचा बिल्ला मिळतो, तो ड्यूटीवर लावा. लोक हळू बोलतात, चुका सांभाळून घेतात.

लेकीच्या मराठीची चिंता रास्त आहे, पण वेल्शमुळे ती मागे पडतेय असं मला वाटत नाही. घरात तुम्ही दोघं तिला इंग्रजीत उत्तरं देत असाल तर ती त्यानं मागे पडते, म्हणून आधी तिकडे बघा. वेल्श माध्यमाच्या शाळेतली मुलं निदान दोन भाषा एकमेकींशेजारी ठेवून वाढतात, तिथं तिसरी भाषा असणं हे ओझं मानलं जात नाही. आणि पंचांगच तुमच्या बाजूनं आहे: कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे आपला मराठी भाषा गौरव दिन, २७ फेब्रुवारीला. दोनच दिवसांनी १ मार्च. दरवर्षी तो आठवडा घरात भाषांचा आठवडा करा. २७ तारखेला लेकीनं आजीला व्हिडिओ कॉलवर मराठी कविता म्हणून दाखवायची, १ तारखेला तीच मुलगी शाल पांघरून वेल्श कविता म्हणेल. सासूबाईंनी दोन्ही ऐकाव्यात. मराठी मातृभाषा म्हणून सांगणारे २०११च्या जनगणनेत भारतात ८ कोटी ३० लाखांवर होते. वेल्श बोलणारे साडेपाच लाखांच्याही आत. इतक्या थोड्या माणसांनी स्वतःची दूरचित्रवाहिनी १९८२ साली मिळवली, शाळा उभ्या केल्या, रस्त्यावरच्या पाट्यांपासून सरकारी पत्रांपर्यंत भाषा आणली. हे जवळून पाहिलेल्या मुलीला मराठीबद्दल कमीपणा वाटणार नाही, उलट घरात मराठी का बोलायची हे तिला तुम्ही समजावून सांगावं लागणार नाही.

नवऱ्याचा मुद्दा राहिला. दोन-तीन वर्षांत जाऊ, असं म्हणत पंधरा वर्षं राहिलेली कुटुंबं मला पत्रं लिहितात. ते सोडा. समजा खरंच गेलात. तरी सहा ते नऊ हे लेकीचं वय इथंच जाणार आहे. त्याला वादात हरवायला जाऊ नका, त्याच्या हातात काम द्या. वेल्श केक करायला सांगा.

आणि हे त्याला जमेल, कारण त्याला ओव्हन लागत नाही. मैदा, लोणी, साखर, बेदाण्यासारखी काळी सुकी द्राक्षं, अंडं, थोडा दालचिनी-जायफळाचा मसाला. घट्ट मळून, बोटाच्या जाडीएवढं लाटून, वाटीनं गोल कापायचं आणि जाड लोखंडी तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून भाजायचं. तिथं यासाठी बिडाचा सपाट तवाच वापरतात. भारतातून नेलेला बिडाचा तवा असेल तर याहून चांगलं काही नाही. गरम असताना वरून साखर भुरभुरवा. तुम्ही शाकाहारी असाल तर विकतच्या किंवा दुसऱ्यांनी केलेल्या केकबद्दल विचारून घ्या, जुन्या पद्धतीत डुकराची चरबी घालतात. 'काउल' हा रस्सा बहुधा मेंढीच्या मटणाचा असतो, पण नुसत्या लीक-बटाट्याचाही करतात, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. ग्लॅमॉर्गन सॉसेज नाव ऐकून दचकू नका. ते केअरफिली चीज, लीक आणि पावाच्या चुऱ्याचं असतं, मांस नसतं.

फुलांबद्दल तुमच्या कामाच्या दृष्टीनं महत्त्वाचं: डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी आहे. फुलदाणीतलं पाणीही पिण्याजोगं नसतं. केअर होममध्ये भ्रमिष्ट माणसांच्या हाताशी कुंड्या-फुलदाण्या ठेवू नका, कपड्याला लावायला कापडी किंवा लोकरी फुलं करा. आजी-आजोबांसाठी ते आधीच्या आठवड्यातलं छान काम होईल. मार्च महिन्यात दुकानांत दिसणारी छोटी डॅफोडिल पिन बहुधा मेरी क्युरी या संस्थेची असते, मरणासन्न रुग्णांच्या सेवेसाठीच्या निधीची. तिचा वेल्सशी संबंध नाही, पण ती लावली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

तुम्ही स्वतः काय नेसायचं हे विचारलं नाहीत, तरी मनात असणार. साडी नेसायची इच्छा असेल तर नेसा आणि पदराला डॅफोडिल लावा. नसेल तर लाल स्वेटर पुरतो. लेकीला मात्र विचारा. सगळ्या मैत्रिणी शाल-टोपीत असताना तिला एकटीला परकर-पोलक्यात पाठवून 'भारतातली मुलगी' म्हणून उभं करू नका, तिनं स्वतः हट्ट धरला तरच. शाल लोकरीची आहे, धुवायच्या मशिनमध्ये अजिबात टाकू नका, आटेल. नुसती हवेला टाकून परत द्या, सोबत वेल्श केकचा डबा आणि लेकीचा त्या पोशाखातला फोटो छापून.

वेल्समध्ये दुसरीकडे राहणाऱ्या वाचकांसाठी: कार्डिफजवळ सेंट फॅगन्सला १९४८ पासूनचं खुलं संग्रहालय आहे. जुनी घरं, चॅपेल, शाळा तिथं जशीच्या तशी आणून उभी केली आहेत आणि प्रवेश फुकट आहे. शाळेत जाणारी मुलं नसतील, शेजार नवा असेल, तर सुरुवात तिथून करता येईल. १ मार्च शनिवार-रविवारी आला की शाळा बहुधा शुक्रवारीच साजरा करतात, चिठ्ठीवरची तारीख नीट बघा.

ड्यूटीचं काय ते सांगते. या दिवसाची सुट्टी नसते. २००० साली वेल्सच्या विधिमंडळानं ती मिळावी असा एकमतानं ठराव केला, पण सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार लंडनकडे आहे आणि लंडननं आजवर ती दिलेली नाही. वायव्य वेल्समधल्या ग्विनेद कौन्सिलनं २०२२ साली आपल्या कर्मचाऱ्यांना ती दिली, हा एक अपवाद. म्हणजे तुम्हाला मागावंच लागेल. आठवडाभर आधी नको, आजच मागा. मॅनेजरबाईंना तुमची मदत हवी आहे, तेव्हा त्यांना सांगा की दुपारचा कार्यक्रम मी उभा करते, आधीच्या आठवड्यात फुलांचं कामही घेते, फक्त सकाळचे दोन तास कुणाशी तरी बदलून द्या. ज्या सहकाऱ्याची मुलं त्या शाळेत नाहीत तिला तुम्ही बदल्यात रविवारची ड्यूटी देऊ करा. आणि तरीही जमलं नाही, तर नवऱ्यानं त्या सकाळी जायचं, पहिल्या रांगेत बसायचं आणि फोन आडवा धरून सगळी कविता रेकॉर्ड करायची.